शिवेपल्याडची टोपली

सिद्धव्वा बेलगीत सून म्हणून आली तेव्हा ती बारा वर्षांची होती. चिटगुप्प्याच्या बाजारापासून तीन कोसांवर काळ्या रानात हे गाव. पाटलाचा वाडा, देऊळ, चावडी सगळं टेकाडावर, आणि गावकुसाबाहेर, ओढ्याच्या अंगाला, सात झोपड्या. त्यातली एक तिच्या सासऱ्याची. सासू बोलायला फटकळ पण पोटानं वाईट नव्हती. पहिल्याच उन्हाळ्यात तिनं आढ्याला टांगलेली बांबूची टोपली सुनेला दाखवली.

"ही माझी. माझ्यामागं तुझी. हात लावू नगंस, नुसतं बघून ठिव."

पुढं दोन वर्षांनी गावात पटकी आली तेव्हा सिद्धव्वाला टोपलीचं काम कळलं. साथ गावात शिरली की मरगम्माला, म्हणजे साथीच्या देवीला, गावाबाहेर पोचवायची चाल होती. ज्या ज्या घरात माणूस अंथरुणाला खिळलं असेल त्या त्या घरातून एकेक कापड टोपलीत यायचं. कुणाच्या धोतराचा तुकडा, कुणाचं लुगडं, कुणाच्या लेकराचं दुपटं. जे त्या माणसाच्या अंगाखाली होतं तेच. त्यावर दहीभात, लिंबाचा पाला, हळदकुंकू. अवसेच्या दिवशी सूर्य डोक्यावर आला की टोपली निघायची. हलगी गावाच्या कडेपर्यंत साथ करी. तिथून पुढं टोपली नेणारी बाई एकटी. बोलायचं नाही, मागं बघायचं नाही, टोपली भुईला टेकवायची नाही. गावातली दारं तोवर लागलेली असायची. ओढा हीच शीव. तो ओलांडला की पल्याडच्या काठाला टोपली पाण्यात पालथी करायची, खळबळून धुवायची आणि रिकामी घेऊन परत यायचं. रोग गेला असं गाव म्हणायचं. कुठं गेला, हे कुणी विचारत नसे.

सासू गेल्यावर टोपली सिद्धव्वाकडं आली. नवराही पुढं लवकरच गेला. एकच लेक होती, नागव्वा. ती हिरेवाडला दिली. हिरेवाड म्हणजे त्याच ओढ्यावर अर्धा कोस खाली. सिद्धव्वाला बरं वाटलं होतं, पोर हाकेच्या अंतरावर राहील म्हणून.

बत्तीस सालच्या उन्हाळ्यात पटकी पुन्हा आली आणि पहिल्यांदाच टोपली सिद्धव्वाच्या डोक्यावर चढली. आठ घरांची आठ कापडं होती. ऊन असं होतं की वाटेतल्या दगडांवर पाय ठेववत नव्हता. ओढा आटून घोटाभर धार उरली होती. सासूनं शिकवलं तसं तिनं केलं. पल्याडच्या काठाला करंजाच्या झाडापाशी वाकली, टोपली पालथी केली, कापडं धारेला लागली आणि हळूहळू खाली गेली. ती मागं न बघता घरी आली.

हिरेवाडच्या गावकुसाबाहेरच्या लोकांना गावच्या विहिरीवर जायची मुभा नव्हती. उन्हाळ्यात ते ओढ्याच्या वाळूत झिरे खणून पाणी प्यायचे.

पाचव्या दिवशी निरोप आला. नागव्वा गेली. तिच्या पाठोपाठ दुसऱ्या दिवशी जावई. त्या वस्तीत नऊ माणसं गेली. नागव्वाची सहा महिन्यांची लेक तेवढी राहिली, निलम्मा. तिला जावयाच्या आईनं, भागम्मानं, शेळीच्या दुधावर वाढवलं.

मरगम्मा आपल्या डोक्यावरून उतरून आपल्याच लेकीच्या दारात गेली, असं सिद्धव्वानं धरलं. देवीचं आपल्याकडून काय चुकलं ते तिला कळेना, म्हणून ती सगळंच फेडायला लागली. मंगळवारी अळणी खायची. अनवाणी राहायची. पौर्णिमेला देवळाच्या पायऱ्यांखालून लोटांगण घालायची, कारण पायऱ्यांवर चढायची तिला बंदी होती. देवी काही बोलली नाही. सणासुदीला भागम्मा निलम्माला दोन दिवस धाडायची. पोर "आज्जी, आज्जी" करत पदर धरून फिरायची, आणि सिद्धव्वाला तिच्याकडं सरळ बघवायचं नाही.

मग शांतप्पा मास्तर आले. मिशननं धाडलेले, पण माणूस इकडचाच, संतपूरकडचा. सायकलला कंदील आणि पुस्तकांची पिशवी बांधून यायचे. चिंचेखाली पोरांना बाराखडी शिकवायचे आणि मोठ्यांना येशूच्या गोष्टी सांगायचे. मरगम्मा म्हणजे रंग लावलेलं लाकूड, तिच्या हातात कुणाचा जीव नाही, असं ते म्हणाले त्या दिवशी सिद्धव्वा रात्रभर गाढ झोपली. तिनं हिशोब सोपा केला होता. देवीच नाही तर टोपली काहीच नाही, आणि टोपली काहीच नाही तर मी काही केलं नाही. सात घरांपैकी पाच घरांनी बाप्तिस्मा घेतला, त्यात ती पहिली. टोपली तिनं जावेकडं दिली. जाऊ जुन्या चालीचीच राहिली होती. पुढं कैक वर्षं गावात साथ आली नाही, त्यामुळं ती टोपली नुसतीच टांगलेली होती.

त्यातली पहिली पाच वर्षं तिच्या आयुष्यातली हलकी. मग एकदा मास्तर बिदरहून मोठा चित्रांचा कागद घेऊन आले. पटकी कशी पसरते याची चित्रं. मिशनच्या छपरात, जिथं प्रार्थना व्हायची तिथं, भिंतीला कागद लावून त्यांनी काठीनं दाखवलं.

"हे बघा, पटकी देवीची न्हाई. पाण्याची हाय. आजाऱ्याचं एक धडपं वरच्या पाण्यात बुचकळलं, तर खालचं गाव मरतं. एक धडपं. म्हणून सांगतो, भ्यायचं कारण न्हाई. पाणी उकळा, कापडं जाळा, बस."

बाया माना डोलवायला लागल्या. एक जण म्हणाली, "म्हंजे मरगम्माला उगंच दहीभात घातला की इतकी वर्सं." सगळ्या हसल्या. मास्तरही हसले. लोकांची भीती गेली याचा त्यांना आनंद झाला होता.

सिद्धव्वाला आठ कापडं दिसत होती. धारेला लागून हळूहळू खाली जाणारी.

त्यानंतर तिनं प्रभुभोजन घेणं सोडलं. महिन्यातून एकदा मास्तर ज्वारीच्या भाकरीचे तुकडे आणि काळ्या मनुकांचं पाणी पितळी पेल्यात फिरवायचे. तिची पाळी यायच्या आत ती उठून बाहेर जायची. छपराची भुई मात्र तीच सारवायची, आठवड्यातून दोनदा. सगळ्यांच्या घागरी भरायची. बुधवारी उपास, शुक्रवारी उपास. आपल्या मंडळीतली सगळ्यात भक्तिवान बाई म्हणून मास्तर तिचं नाव घ्यायचे. ते ऐकलं की ती आणखी एक घागर भरायला जायची.

एकदा सारवता सारवता तिनं विचारलं, "मास्तर, तुमी म्हंता तारण फुकट हाय. फुकट म्हंजे किती फुकट?"

"किती म्हणजे? फुकट म्हणजे फुकट. दान हाय ते. बाजार न्हाई."

"चोराला बी?"

"चोराला बी."

"अन् ज्यानं जीव घेतला त्याला?"

"त्याला बी. पण तुला कामून ही चौकशी? तू कुणाचा जीव घेतलास?" मास्तर गमतीनं म्हणाले.

"न्हाई, इचारलं," म्हणून तिनं शेणाचा हात पुढं ओढला.

सेहेचाळीसच्या चैत्रात बेलगीत पटकी शिरली. आधी सुताराची सून. मग दोन दिवसांत चार घरं. मग पाटलाचा थोरला मुलगा. दुपारी कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. मास्तर घरोघर पाणी उकळा म्हणून सांगत फिरले. काहींनी ऐकलं, काहींनी दार उघडलं नाही.

गुरुवारी सकाळी मल्लप्पा पाटलानं सिद्धव्वाला चावडीपाशी बोलावलं. ती खाली उभी राहिली, तो वर. पाटील वाईट माणूस नव्हता. त्याची दाढी चार दिवसांची वाढली होती.

"सिद्धव्वा, तू मिशनची झालीस. मी कवा काय बोललो का?"

"न्हाई, धनी."

"आयतवारी अवस हाय. टोपली निघाया पायजे. तुझा हात ह्याला ठाऊक हाय. बत्तीस साली तू नेलीस अन् चौथ्या दिवशी गाव सुटलं."

"धनी, ते पान्यानं व्हतंय. कापडं जाळा, मास्तर सांगतेत..."

"मास्तरच्या घरात कोन पडलंय?" पाटील म्हणाला. मग आवाज खाली आणला. "माझं पोरगं डोळे फिरवाया लागलंय, सिद्धव्वा. तू न्हाई म्हन. तुझी जाऊ तयार हाय. टोपली जायाचीच."

ती तशीच मास्तरांकडं गेली. जावेला समजवा म्हणाली. जाऊ ऐकणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. मग म्हणाली, हिरेवाडला जाऊन सांगा, झिरे बुजवा म्हणावं.

"मला हिरेवाडच्या वस्तीत कोण उभं करतंय?" मास्तर म्हणाले. "तीन सालाखाली गेलो होतो तवा दगडं मारून हाकललं. मिशनचा माणूस आमचा देव बाटवायला आला, म्हणाले. कुणी त्यांच्यातलं सांगितलं तर ऐकतील. तुझी इहीन हाय न्हवं तिथं? तू सांग."

"काय सांगू?"

"चित्रात दाखवलं ते. वरून कापडं आली की खाली माणसं मरतात."

"ती इचारल, तुला कसं ठाऊक."

मास्तरांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी पुन्हा कागदाचं नाव घेतलं. सिद्धव्वा मान हलवून निघाली.

तिच्यापुढं आता एकच प्रश्न होता आणि तो कुणालाही समजला असता. गप्प बसली तर रविवारी दुपारनंतर हिरेवाडची वस्ती तेच पाणी पिणार, त्यात निलम्माही. सांगितलं तर बत्तीस सालचं सांगावं लागणार. मग निलम्मा तिला उरणार नव्हती. चौदा वर्षांत "आज्जी" म्हणणारं तेवढं एकच तोंड होतं. दोन दिवस तिनं काढले. काहीतरी मधली वाट निघेल म्हणून ती चुलीपुढं बसून राही. निघाली नाही.

शनिवारी तिनं गाडग्यातले चांदीचे वाळे काढले. निलम्माच्या लग्नासाठी ठेवलेले. ते पदराला बांधून हिरेवाडला गेली.

भागम्मा दारात मिरच्या निवडत होती. निलम्मा आत दळत होती. ती जात्यावरून उठून धावली.

"आज्जी आली."

"या इहीनबाई," भागम्मा म्हणाली. "भर उन्हात? मिशनवाल्यांना ऊन लागत न्हाई व्हय? निलू, पानी दे आज्जीला. आदी पाय तरी धू दे तिला, झोंबू नगंस."

सिद्धव्वानं पाणी घेतलं नाही. बसलीही नाही. उभ्यानंच बोलली, नाहीतर धीर सुटला असता. आधी उद्याचं सांगितलं. टोपली येणार, कापडं येणार, झिरे आज बुजवा. मग बत्तीस सालचं सांगितलं.

भागम्माचा मिरच्यांतला हात थांबला.

"कुठं वतलंस?"

"करंजापाशी."

"झिऱ्याच्या वर."

"व्हय."

"किती कापडं?"

"आठ."

"माझा लेक तीन दिस पानी मागायला व्हता," भागम्मा म्हणाली. आवाज अगदी सपाट. "दर घटकेला मागायचा. झिऱ्याचं गार पानी. मी पाजलं. नागव्वाला बी मीच पाजलं. माझ्या हातानं."

सिद्धव्वानं पदराची गाठ सोडली आणि वाळे तिच्यापुढं ठेवले. भागम्मानं ते पायानं बाजूला सारले.

"हे काय हाय? मोल करायलीस का त्यांचं?"

"न्हाई. माज्याकडं दुसरं काय न्हाई."

"मंग काय बी नगं देऊस. उचल ते." ती उठली. मिरच्यांचं सूप तसंच कलंडलं. "ठाऊक नव्हतं म्हनून केलंस, ते मला कळतंय. मला त्याचा काय उपेग? जा तू. पोरीकडं बघू नगंस. बघायचं न्हाई म्हनलं ना."

सिद्धव्वानं बघितलं नाही. पण निलम्मा दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं, हे तिला न बघताही कळलं. पोर पुढं आली नाही.

ती वस्तीतून बाहेर पडली तेव्हा मागं भागम्मा बाप्यांना हाका मारत होती. फावडी निघाली. करंजापाशी उद्या दहा माणसं काठ्या घेऊन बसतील, असं कुणीतरी ओरडून सांगत होतं.

बातमी तिच्या आधी बेलगीला पोचली. संध्याकाळी पाटलाचा गडी ईरण्णा दारात आला. तो उंबऱ्यापासून लांबच उभा राहिला.

"पाटलानं सांगितलंय, उद्यापासून गावात पाय ठेवायचा न्हाई. काम न्हाई, मीठ-मिरची न्हाई. अन् गावात आनखी कुनी मेलं तर ते तुझ्या नावावर." मग तो स्वतःचंच म्हणून बोलला, "कामून गेलीस गं तिकडं? गप बसली असतीस तर कुनाला काय कळलं असतं?"

तिनं दार लावून घेतलं.

रविवारी सकाळी मिशनच्या छपरात नेहमीची निम्मीच माणसं होती. भाकरी फडक्याखाली झाकलेली होती. उपासना सुरू व्हायच्या आधी तिनं मास्तरांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. टोपली, करंज, नऊ माणसं, वाळे. मास्तरांचा चेहरा उतरला. भिंतीवरच्या कागदाकडं त्यांनी एकदा बघितलं.

"मी ते सांगितलं, तवापासून तू..."

"व्हय."

"अन् मी तुला भक्तिवान म्हणत होतो."

"म्हनत व्हता." ती खाली बघून म्हणाली, "मास्तर, आता सांगून आले. पोर बी गेली. आता तरी फिटलं का?"

मास्तरांना खोटं बोलता आलं असतं. ते म्हणाले, "न्हाई, सिद्धव्वा. नऊ माणसं हायत ती. तू शंभर वर्षं ही भुई सारवलीस तरी फिटणार न्हाई."

"मंग मी भाईर जाऊन बसते."

"बस इथंच. फिटलं असतं तर ह्या भाकरीचं काय काम होतं? ज्यानं फेडायचं त्यानं फेडलं, तुला न विचारता फेडलं. तुला नुसतं घ्यायचं हाय. तेच तुला जमत न्हाई."

"मी काय देऊ मंग?"

"काही न्हाई. हात रिकामा कर."

ती बसली. गाणं झालं, वचन झालं. मास्तर भाकरीचे तुकडे घेऊन रांगेतून यायला लागले, तसं तिचं अंग उठायला लागलं. सवयच झाली होती. तिनं गुडघे भुईला दाबून धरले. मास्तर पुढं आले तेव्हा तिनं हात पसरला. टोपली धरणारा, शेणानं भेगाळलेला हात. त्यावर तुकडा पडला.

तिला वाटलं होतं काहीतरी होईल. उजेड पडेल, अंग हलकं होईल. तसं काही झालं नाही. कालची भाकरी होती, घशाला चिकटली. नागव्वा मेलेलीच होती. निलम्मा पल्याडच होती. पण तो तुकडा कुणी तिच्याकडून परत मागितला नाही, आणि त्याच्या बदल्यात काय करावं हे पहिल्यांदाच तिच्या मनात आलं नाही. मनुकांचं पाणी तिनं दोन घोट घेतलं.

तेवढ्यात गावातून हलगी सुरू झाली.

सगळ्यांनी तिकडं कान दिला. हलगी देवळापासून निघाली, चावडीपाशी आली, आणि ओढ्याकडं वळण्याऐवजी उगवतीला निघाली. मास्तरांना आधी समजलं नाही. सिद्धव्वाला लगेच समजलं. हिरेवाडची वाट तिनं बंद केली होती. करंजापाशी काठ्या होत्या. पण टोपली तर भरली होती, आणि ती कुठल्यातरी शिवेला जाणारच होती. उगवतीला कोसावर तळ्याची वाडी. पंधरा-वीस घरं, आणि सगळ्यांना पाणी एका तळ्याचं.

ती उठली.

"कुठं निघालीस?" मास्तर म्हणाले.

"तळ्याच्या वाडीला. जाऊ पैल्यांदाच नेतीय, हळू जाईल. माळावरनं गेलं तर मी आदी पोचते."

"गाव तुला सोडायचं न्हाई, सिद्धव्वा. आधीच तुझ्या नावानं..."

"व्हय," ती म्हणाली. "तुमी मागनं या. सायकल माळावर चालायची न्हाई."

ती माळाला लागली. ऊन सरळ डोक्यावर होतं आणि वाऱ्याचं नाव नव्हतं. गावाच्या कडेला हलगी थांबली. उंचावरून तिला खालची गाडीवाट दिसली, आणि वाटेवर जाऊ, एवढीशी, डोक्यावर टोपली, एकटी, मागं न बघता चाललेली. टोपलीच्या कडेवरून एक पांढरं कापड लोंबत होतं. पाटलाच्या पोराचं असावं.

सिद्धव्वा झपाझपा चालायला लागली. पुढं तळ्याचं पाणी चमकलं. काठावर बाया घागरी बुडवत होत्या, कुणीतरी हसत होतं. वाडीतलं तिला कुणी ओळखत नव्हतं. तुला कसं ठाऊक, असं त्या विचारतील, आणि तिला नऊ माणसांपासून सुरुवात करावी लागेल. ऐकतील की दगड घेतील, सांगता येत नव्हतं.

तिनं वळून खाली बघितलं. जाऊ वाटेच्या वळणाशी आली होती. सिद्धव्वानं पदर खोचला आणि तळ्याकडच्या उतारावर पळायला सुरुवात केली.